मुळा-मुठेची खुद्री

प्राण्यांना लॅटिन नावे देण्याची रूढी शास्त्रज्ञांत आहे. ती नावे बहुधा ग्रीक-लॅटिन धातूंवरून किंवा कोणा विद्वानाच्या आडनावावरून घडविलेली असतात, आणि म्हणून सामान्य वाचकाला ती परकी व रूक्ष वाटतात. परंतु या नामावळीतले दख्खनच्या माशांचे पान उघडले, म्हणजे मराठी वाचकाला आपल्याच गावची माणसे परदेशी पोशाखात भेटावीत तसा अनुभव येतो. तेथला 'नुक्ता' हा आपला नकटा. 'सींगटी' ही आपली शिंगटी. 'मुल्या' हा ओढ्याच्या खडकाला चिकटून राहणारा मळ्या. आणि 'खुद्री' ही भीमा-कृष्णेच्या खोऱ्यातली महसीर, जिला नदीकाठचे लोक खडची किंवा खडशी असेही म्हणतात. जगातल्या कोणत्याही प्राणिशास्त्रीय संग्रहालयात या महसिरीची बरणी ठेवायची, तर तिच्यावर 'टॉर खुद्री' हेच शब्द लिहावे लागतात.

हे नाव ज्या नदीवरून शास्त्रात गेले ती नदी म्हणजे पुण्याची मुळा-मुठा. नाव चिरंजीव झाले. ज्या पाण्यातून ते उचलले गेले त्या पाण्याची मात्र आज अशी अवस्था आहे, की त्यात खुद्रीला श्वास घेणेही अशक्य व्हावे. दोनशे वर्षांच्या आतबाहेर हे कसे घडले, आणि त्या काळात आमच्या राज्यकर्त्यांची, अभियंत्यांची, शास्त्रज्ञांची व कायद्याची दृष्टी कोठे होती, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे. आम्ही मत्स्यशास्त्रज्ञ नव्हे; आमचा व्यवसाय कायद्याचा. परंतु या माशाची कथा जितकी शास्त्राची आहे तितकीच ती कायद्याचीही आहे, आणि ती बाजू फारशी कोणी सांगत नाही, म्हणून हा प्रपंच.

प्रथम नाव देणाऱ्याविषयी. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारच्या मुंबई लष्करातला अधिकारी. १८१७ साली खडकीच्या रणांगणावर पेशवाईचे भवितव्य ठरले, तेव्हा तो इंग्रजांच्या बाजूने तेथे हजर होता. ते रणांगण मुळेच्या काठचेच. पुढे सात वर्षांनी, १८२४ मध्ये, गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने त्याला दख्खनची सांख्यिकीय पाहणी करण्याच्या कामावर नेमले. जमीन, पिके, लोकसंख्या, हवामान यांची मोजदाद करीत हा गृहस्थ १८३१ पर्यंत आपल्या मुलखात हिंडला, आणि सरकारी कामाच्या जोडीने पशू, पक्षी व मासे यांचीही नोंद करीत राहिला. आपल्याकडच्या रानकुत्र्याला त्याने 'दुखुनेन्सिस' म्हणजे दखनचा असे विशेषण लावले. माशांविषयीचा त्याचा निबंध लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे १८३८ मध्ये आला व पुढील वर्षी छापून प्रसिद्ध झाला. त्यात चाळीसांहून अधिक जातींचे वर्णन होते, आणि त्यांतल्या बहुतेक जाती युरोपीय शास्त्राला तोपर्यंत अज्ञात होत्या. खुद्री मिळाल्याचे ठिकाण त्याने 'मोटा मोला' नदी, पुण्याच्या पूर्वेस, असे नोंदविले आहे. 'मुठा-मुळा' या शब्दांची इंग्रजी जिभेवर झालेली ही गत आहे.

साइक्सच्या कार्यातली एक गोष्ट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. शास्त्राला जी जात अज्ञात होती ती काठावरच्या माणसाला अज्ञात नव्हती. मळ्या वेगळा, नकटा वेगळा, खुद्री वेगळी, हे भोई आणि कोळी यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. नाहीतर त्यांच्या भाषेत एवढी निरनिराळी नावे आलीच नसती. नाव हे ओळखीनंतर येते. साइक्सने त्या ओळखीवर लॅटिनची मोहोर उठविली. परंतु मासा कोणत्या महिन्यात कोणत्या ओढ्याला चढतो, अंडी कोठे घालतो, कोणत्या डोहात उन्हाळा काढतो, हे नावामागचे ज्ञान काठावरच राहिले. आमच्या मते पुढच्या साऱ्या इतिहासाची गुरुकिल्ली येथे आहे. माशाचे नाव ग्रंथात गेले; त्याचे घर ग्रंथाबाहेर राहिले.

हे घर कसले असते ते थोडक्यात सांगितले पाहिजे. मुळा आणि मुठा या दोन्ही सह्याद्रीच्या माथ्याशी उगम पावतात. आंबी आणि मोशी या नद्या मुठेला मिळतात, पवना मुळेला मिळते, पुण्याच्या संगमावर मुळा व मुठा एक होतात, आणि पुढे हे सारे पाणी भीमेतून कृष्णेत जाते. बेळगाव भागातील आमच्या वाचकांच्या घटप्रभा आणि मलप्रभा याही कृष्णेच्याच लेकी. तेव्हा ही कथा दूरच्या नातलगांची नव्हे. या डोंगरी नद्यांचा वरचा प्रवाह पावसाळ्यात रोरावत येतो व उन्हाळ्यात डोहाडोहांत विसावतो. तळाशी गोटे व वाळू, मध्येमध्ये खडकांवरून आपटून फेसाळणारे पाणी, आणि त्या आपटण्यामुळे पाण्यात भरपूर विरघळलेला प्राणवायू, अशी तिची प्रकृती असते.

महसीर ही या प्रकृतीला जुळवून घेतलेली जात आहे. पावसाळ्यात पूर आला की ती प्रवाहाच्या उलट चढून वरच्या ओढ्यांकडे जाते व गोटेरी तळावर अंडी घालते. तिची अंडी जड असतात. ती पाण्यावर तरंगत नाहीत, तळाशी गोट्यांच्या सांदीत बसतात. तेथे त्यांच्यावरून स्वच्छ पाणी सतत वाहत राहिले तर सुमारे तीन दिवसांत पिले बाहेर येतात. तेच पाणी गढूळ असले आणि गाळाचा एक पातळ थर जरी अंड्यांवर बसला, तरी ती गुदमरून मरतात. यावरून ध्यानात येईल, की महसिरीला नुसते पाणी असून भागत नाही. वाहते पाणी पाहिजे, त्यात प्राणवायू पाहिजे, खाली गोटे पाहिजेत, आणि वर चढण्याची वाट मोकळी पाहिजे. या चार गोष्टी मिळून तिचे घर होते. त्यांतली एक काढली, तर उरलेल्या तिन्ही असूनही व्यर्थ होतात.

पहिला घाव वाटेवर पडला. पुणे शहराला व छावणीला पाणी मिळावे आणि पूर्वेकडच्या कोरड्या जमिनींना कालवे मिळावेत, म्हणून कर्नल फाइफ याच्या योजनेप्रमाणे १८७० च्या दशकात मुठेवर खडकवासल्याचे दगडी धरण उभे राहिले. त्या काळच्या मानाने ते काम मोठ्या धैर्याचे होते, आणि त्या कालव्यावर पुढे किती शेते पिकली हे आम्ही विसरत नाही. त्यानंतर टाटांच्या जलविद्युत योजना आल्या. लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथे तलाव बांधून ते पाणी घाटाखाली खोपोलीच्या वीजघरात सोडण्यास १९१५ मध्ये प्रारंभ झाला. मुळेवरचे मुळशीचे धरण १९२७ मध्ये पुरे झाले, आणि जे पाणी पूर्वेला भीमेकडे जायचे ते भिऱ्याच्या वीजघरातून कोकणातल्या कुंडलिकेकडे जाऊ लागले. नदीचा नुसता बांध घातला असे नव्हे. तिच्या पाण्याच्या एका हिश्श्याची दिशाच बदलली.

मुळशीचे नाव निघाले म्हणजे सत्याग्रहाचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. १९२१ च्या रामनवमीला मावळ्यांनी धरणाच्या कामावर ठाण मांडले. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट यांनी त्यांचे नेतृत्व केले, आणि बापट पुढे 'सेनापती' म्हणून महाराष्ट्राच्या मुखी झाले ते या लढ्यामुळेच. तो लढा हरला. सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेतला, आणि त्या कायद्यापुढे प्रश्न एवढाच होता, की जमीन कोणाची व तिची किंमत किती. मावळ्यांचा आक्रोश होता तो घरासाठी, देवांसाठी, वाडवडिलांच्या मातीसाठी; कायद्याच्या तराजूत मात्र फक्त जमिनीचे वजन पडले. माणसाच्या घराची ही गत झाली, तेथे नदीतल्या घराची गणना कोण करणार? आम्ही मासा आणि मावळा यांना एका पंक्तीला बसवीत नाही. परंतु दोघांनाही ज्या उणिवेचा फटका बसला ती उणीव एकच होती. मालमत्तेला किंमत असते हे कायद्याला कळत होते. वास्तव्याला किंमत असते हे कळत नव्हते.

स्वातंत्र्यानंतर धरणांचा क्रम पुढे चालू राहिला. आंबी नदीवरचे पानशेत धरण काम पुरे होण्याच्या सुमारास १२ जुलै १९६१ रोजी फुटले, त्याच्या लोंढ्याने खडकवासल्याचे जुने धरणही फोडले, आणि पुण्याचा नदीकाठ वाहून गेला. ती दोन्ही धरणे पुन्हा बांधली गेली. मोशीवर वरसगाव व मुठेवर टेमघर यांची भर पडली. या शहराची तहान पाहता यांतले कोणते टाळता आले असते, हा वाद आम्ही घालीत नाही. एवढेच नमूद करतो, की पावसाळ्यात वर चढणाऱ्या माशाच्या वाटेवर आता एकामागून एक भिंती उभ्या राहिल्या, आणि खालच्या पात्रात बाराही महिने वाहते पाणी राहील याची हमी कोणी दिली नाही.

आता प्रत्यक्ष कायद्याकडे वळू. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत कलम २७७ होते. सार्वजनिक झरा किंवा जलाशय यांतील पाणी जो कोणी स्वेच्छेने घाण करील व नेहमीच्या उपयोगास कमी योग्य करून टाकील, त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, असा त्याचा आशय. वाचकाला वाटेल, नदीचे रक्षण करण्यास हे पुरेसे आहे. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मद्रासच्या आणि विसाव्याच्या आरंभी मुंबईच्या उच्च न्यायालयाने असे ठरविले, की पात्रातून अखंड वाहणारा प्रवाह हा 'सार्वजनिक झरा' या शब्दांत बसत नाही. दंडविषयक कायद्याचा अर्थ ताणू नये, हे तत्त्व योग्यच आहे, आणि न्यायाधीशांना दोष देण्याचे कारण नाही. शब्दच तोकडे होते. परिणाम मात्र असा झाला, की विहिरीत घाण टाकणारा गुन्हेगार ठरे आणि नदीत टाकणारा या कलमातून सुटे. नवल असे, की १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत शिक्षा वाढली, कैद सहा महिन्यांपर्यंत व दंड पाच हजारांपर्यंत गेला, पण कलम २७९ मध्ये झरा व जलाशय हेच दोन शब्द पुन्हा येऊन बसले.

दिवाणी कायद्याची तऱ्हा निराळी. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात असे मानले आहे, की ज्याच्या जमिनीतून किंवा जमिनीजवळून पाणी वाहते त्याला ते पाणी दुसऱ्याने अवाजवी घाण केलेले नसावे असा हक्क आहे. तत्त्व उत्तम, पण हक्क जमीनमालकाचा. जाळे टाकून पोट भरणाऱ्या भोयाची काठावर जमीन असेलच असे नाही, आणि माशाची तर नसतेच नसते.

मग खास माशांसाठी केलेला कायदा आला: १८९७ चा भारतीय मत्स्य अधिनियम. सुरुंग लावून मासे मारणे त्याने गुन्हा ठरविले, आणि मासे पकडण्याच्या किंवा मारण्याच्या हेतूने पाण्यात विष, चुना किंवा अपायकारक पदार्थ टाकणे हाही गुन्हा ठरविला. शिक्षा दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. येथे आमच्यासारख्या कायदेपंडिताची दृष्टी 'हेतू' या शब्दावर अडते. रानातल्या झाडाची विषारी साल कुटून डोहात टाकणारा गरीब माणूस मासे मारण्याच्या हेतूने ती टाकतो. तो पकडला जातो. कारखान्याची मोरी नदीत सोडणाऱ्याच्या मनात मासे येतच नाहीत; त्याचा हेतू केवळ आपले अंगण स्वच्छ ठेवण्याचा असतो. पहिल्याने एक डोह मारला, दुसऱ्याने दहा कोस नदी मारली. तरी या कलमाखाली पहिला अपराधी आणि दुसरा निरपराध. ज्या काळात कायदा झाला त्या काळी कारखाने थोडे होते, हे खरे. पण कारखाने वाढले, शहर वाढले, आणि हेतूचा शब्द जागच्या जागी राहिला.

महाराष्ट्राने १९६९ मध्ये जलप्रदूषण रोखण्यासाठी स्वतःचा कायदा केला व १९७० मध्ये त्यासाठी मंडळ स्थापिले, ही गोष्ट राज्याला भूषणास्पद आहे. पुढे १९७४ मध्ये संसदेने जलप्रदूषणाचा देशव्यापी कायदा केला. त्यात प्रदूषणाची जी व्याख्या आहे तिच्यात माणसाचे आरोग्य, शेती व उद्योग यांच्या जोडीला जलचरांचे जीवन व आरोग्य यांचाही उल्लेख आहे. साइक्सच्या निबंधानंतर एकशे पस्तीस वर्षांनी जलचराचा जीव हा स्वतंत्रपणे विचारात घेण्याजोगा विषय म्हणून या कायद्यात आला, आणि तोही हेतूच्या अटीवाचून. केंद्रीय मंडळाने पुढे नद्यांच्या पाण्याचे वर्ग ठरविले. त्यांत मासे व वन्यजीव यांना योग्य अशा वर्गासाठी एका लिटरला निदान ४ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू असावा असे प्रमाण आहे. महसिरीसारख्या डोंगरी माशाला ही मर्यादाही कष्टाचीच.

परंतु कायदा येईपर्यंत नदी पुढे गेली होती. पुण्याच्या माशांच्या याद्या साइक्सनंतरही अधूनमधून होत राहिल्या: १९४२ मध्ये फ्रेझर यांची, १९४४ मध्ये सुटर यांची, १९६३ मध्ये तोनापी व मुळेरकर यांची. या याद्या म्हणजे आमच्या मते पुण्याच्या इतिहासाची महत्त्वाची साधने आहेत; बखरी आणि दप्तरे यांच्या शेजारी त्यांना जागा मिळावयास हवी. २००३ च्या सुमारास झालेल्या अभ्यासांत, जुन्या याद्यांतल्या कित्येक जाती पुन्हा सापडल्या नाहीत; उलट टिलापियासारखे परदेशी मासे, जे घाणीतही तग धरतात, नदीत घर करून बसलेले आढळले. २०१८ मध्ये केंद्रीय मंडळाने देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यांपैकी ५३ महाराष्ट्रातले, म्हणजे सर्व राज्यांत अधिक; आणि मुळा व मुठा या दोन्ही नद्या त्यांतल्या सर्वांत वाईट वर्गात होत्या. ज्या वर्गात पाण्यातली घाण कुजताना एका लिटरमागे ३० मिलिग्रॅमहून अधिक प्राणवायू खाऊन टाकते, तो हा वर्ग. ४ मिलिग्रॅमची गरज असलेल्या जीवाला येथे काय मिळणार, हे सांगण्यास शास्त्रज्ञ नको.

येथे ही कथा संपली असती तर ती केवळ शोककथा झाली असती. पण तिला एक विलक्षण वळण आहे, आणि त्यातच तिचा खरा बोध आहे.

१९७० च्या सुमारास महाराष्ट्राच्या मत्स्य खात्याचे डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी लोणावळ्याला महसिरीच्या प्रजननाचा अभ्यास हाती घेतला. पक्व मादीची अंडी हलक्या हाताने काढून घ्यावयाची, त्यांवर नराचे रेत मिसळावयाचे, आणि ती अंडी वाहत्या पाण्याच्या ताटांत जपून उबवावयाची, अशी ही पद्धती. पुढे टाटा वीज कंपन्यांच्या वळवण येथील केंद्रात एस. एन. ओगले यांनी ती वर्षानुवर्षे चालवून मोठ्या प्रमाणावर बीज तयार केले. ज्या उद्योगाच्या धरणांनी नदीची वाट अडविली होती त्याच उद्योगाच्या तलावाकाठी खुद्रीचा वंश वाढू लागला, ही घटना आम्हांला मनःपूर्वक गौरवास्पद वाटते. हे बीज महाराष्ट्रातल्या तलावांत सोडले गेले, इतर राज्यांनाही दिले गेले. त्यांतले काही कर्नाटकात कावेरीत गेले.

कावेरीत महसिरीची स्वतःची एक जात होती, पाठीला कुबड असलेली, प्रचंड वाढणारी, गळाने मासे धरणाऱ्या शौकिनांत जगभर कीर्ती पावलेली. तिची संख्या धरणे, वाळूउपसा आणि सुरुंग यांनी घटत होती. महसीर कमी होते आहे, तर महसीर आणून सोडावी, असा सरळ व सद्हेतूचा विचार झाला. खुद्री तेथे रुजली, वाढली, पसरली. १९९८ ते २०१२ या काळातल्या गळ टाकणाऱ्यांच्या नोंदी पुढे शास्त्रज्ञांनी तपासल्या, तेव्हा दिसून आले की धरल्या जाणाऱ्या महसिरींची एकूण संख्या वाढत होती, आणि कुबडी महसीर मात्र जवळजवळ नाहीशी होत होती. पाहुणी घरधनीण होऊन बसली होती. कुबड्या महसिरीचे शास्त्रीय नाव कोणते, हेसुद्धा त्या वेळी नीट ठरलेले नव्हते; ती 'टॉर रेमादेवी' आहे हे २०१८ मध्ये निश्चित झाले, आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या यादीत ती अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदली गेली. नाव मिळण्यास आणि मरणाच्या दारी उभे राहण्यास एकच वेळ यावी, असे हे दुर्दैव.

त्याच सुमारास खुद्रीचीही श्रेणी बदलली. २०११ मध्ये ती संकटग्रस्त मानली होती; नव्या मूल्यमापनात तिच्याबद्दल चिंतेचे कारण फारसे नाही असे ठरले, कारण ती आता दूरदूरच्या पाण्यांत पसरली आहे. जातीपुरते पाहिले तर ही शुभवार्ता होय. पण पुण्याच्या पूर्वेस, जेथून साइक्सने ती उचलली, त्या पात्राला या शुभवार्तेचा काय उपयोग? खुद्री वाचली, तिची मुळा-मुठा वाचली नाही. आणि खुद्री वाचविताना कावेरीच्या लेकीवर संकट आले. या दोन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे. आम्ही मासा हा मोजण्याचा जिन्नस मानला. एका नदीतून उणे झाला तर दुसऱ्या नदीतून आणून बेरीज करता येते, असे आम्हांला वाटले. मासा हा त्याच्या पाण्यापासून वेगळा काढता येणारा जिन्नस नाही, ही गोष्ट हिशोबात कोठेच आली नाही.

आमच्या लोकांच्या रूढीला मात्र ती ठाऊक होती. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. तेथल्या महसिरी वरदायिनी देवीच्या मानल्या जातात. त्यांना कोणी धरीत नाही, उलट भाविक त्यांना खाऊ घालतात. इंद्रायणीच्या काठी देहूच्या डोहातले मासेही लोकांनी असेच अभय देऊन राखले. रूढीने कधी 'महसीर' या जातीला सरसकट अभय दिले नाही. तिने हा डोह, हे पाणी, हा काठ राखला. आधी जागा, मग जीव. कायद्याने शंभर वर्षांत जे साधले नाही ते तिला सहज सुचले.

तथापि रूढीचा गौरव करताना तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. देवीची सत्ता डोहापुरती. वीस कोसांवर वरच्या बाजूला कोणी गटार सोडले तर तेथे शपथ पोहोचत नाही. डोहाच्या काठावर जाळे टाकण्यास भिणारा माणूस अदृश्य विषापुढे हतबल असतो. म्हणून रूढीची दृष्टी आणि कायद्याचा हात, दोन्ही लागतात. जागेला प्रथम मान द्यावयाचा, आणि तो मान उगमापासून संगमापर्यंत चालवावयाचा, एवढे साधणारा कायदा हवा.

गोवा आणि बेळगाव येथील आमच्या वाचकांना हा प्रश्न पुस्तकी वाटू नये. म्हादईच्या तंट्यात लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये निवाडा दिला. कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ सहस्र दशलक्ष घनफूट पाणी त्यात नेमून दिले. त्या निवाड्याच्या योग्यायोग्यतेत आम्ही येथे शिरत नाही. पण वर्तमानपत्रांत, सभांत आणि घरोघरच्या बोलण्यात जे उरले ते हे तीन आकडे. वाटप आकड्यांचे होऊ शकते, कारण पाणी मोजता येते. म्हादईच्या कोणत्या ओढ्यावर कोणता मासा पावसाळ्यात चढतो आणि कोणत्या डोहात उन्हाळा काढतो, याचे उत्तर मात्र आकड्यात येत नाही. आणि जे आकड्यात येत नाही ते वादातून प्रथम गळून पडते. मुळा-मुठेवर असेच झाले.

यासाठी आमची सूचना साधी आहे. डोंगरी नदीवर बांध, बोगदा, कारखाना किंवा गटार यांची परवानगी मागितली जाईल तेव्हा, पाणी किती आणि जमीन कोणाची या दोन प्रश्नांच्या जोडीला तिसरा प्रश्न विचारला जावा: या पात्रात कोण राहते, त्याची विणीची जागा कोठे आहे, आणि त्याला वाट राहील काय? या प्रश्नाचे उत्तर देण्यास तज्ज्ञ लागतील. पण साइक्सला जे तज्ज्ञ मिळाले तेच आजही काही ठिकाणी काठावर बसून जाळे विणीत आहेत. त्यांच्याकडून माशांची नावे आपण एकदा घेतली. आता त्या नावांमागचे घर कोठे आहे तेही त्यांनाच विचारून घ्यावे, आणि ते नकाशावर मांडून कायद्याच्या कक्षेत आणावे. मुळा-मुठेला तो प्रश्न वेळेवर विचारला गेला नाही. घटप्रभेला, मलप्रभेला, म्हादईला तो अजून विचारता येण्याजोगा आहे.